चांद्याची खांदशेकणी

चिखलीत शालिग्राम लॉरीवाल्याचं नाव काढा, समोरचा माणूस आधी नाक मुरडतो. "कोन, तो पोळ्याले चाक नाचवनारा? बायकोच्या पोटावर उठला तो!" एवढं बोलतो, पानाची पिचकारी टाकतो आणि आपल्या वाटेनं जातो. लोकांचं काय जातं हो! ज्यांनी जन्मात बैलगाडीखेरीज काही हाकलं नाही, राजूरचा घाट चढताना ज्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, ते शालिग्रामला नावं ठेवणार. ठेवा बापहो, ठेवा. पण आधी सगळं ऐकून तरी घ्या. इतकी वर्षं हे बोलायची सोय नव्हती, कारण कौशल्याबाई जिवंत होत्या. आता त्या गेल्या.

शालिग्राम मळेकऱ्याच्या घरचा. बाप, चुलते, सगळे वांगी-मिरच्यांत जन्मले आणि तिथंच म्हातारे झाले. ह्याचं लक्ष मात्र मळ्यात कधी लागलं नाही. मोटेचं चाक कुरकुरलं की हा धावत जायचा आणि कण्याला तेल घालत बसायचा; वांग्यांना पाणी पोचलं की नाही ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं. पुढं खामगावच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला राहिला, तिथंच लॉरी हाकायला शिकला. जिनिंगवाल्यांनी जुनी लॉरी काढून टाकायचं ठरवलं तेव्हा ह्या पठ्ठ्यानं घरची बैलजोडी विकली आणि लॉरी घेऊन चिखलीत आला. बाप, नारायणराव, बरेच दिवस त्याच्याशी बोलला नाही. देवळाच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बैल इकले अन् डबडं आनलं आमच्या दिवट्यानं."

घरात एकटी कौशल्याबाई खूश झाली. साखरखेर्ड्याची लेक ती, मोठ्या आवाजाची, हसली की शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. लॉरीच्या नाकाडावरचा रंग उडून पांढरा डाग पडला होता. तो बघून तिनं लागलीच नाव ठेवलं, चांद्या. कपाळावर चांद असलेल्या बैलाला म्हणतात तसं. तेव्हापासून लॉरी ती लॉरी राहिलीच नाही. "चांद्यानं पानी पेलं का?" "चांद्या आज कुरबुरून राह्यला." असं त्या घरातलं बोलणं. शालिग्रामलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. बैल विकून आणला तो बैलच, असा त्याचा हिशेब.

काम मलकापूरच्या स्टेशनावरचं. आगगाडीनं आलेलं मीठ, गूळ, घासलेट तिथं लॉरीत भरायचं आणि घाटावर आणायचं, बुलढाण्याला आणि चिखलीला. मध्ये राजूरचा घाट. लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर, टायर मिळता मिळत नाही, आणि गिअरच्या पेटीत घालायचं घट्ट तेल तर बाजारातून नाहीसंच झालेलं. शालिग्राम पेटीत एरंडीचं तेल घालायचा. दुसरं काय करणार? भरलेली लॉरी पहिल्या गिअरमध्ये रांगत घाट चढायची. चढता चढता पेटी तापायची, तेल पाण्यासारखं पातळ व्हायचं, आणि अर्ध्या घाटात धाडकन गिअर सुटायचा. गिअर सुटला की लॉरी मागं. ब्रेक नावाचे. अशा वेळी वाचवणारी गोष्ट एकच, बाभळीचा ठोकळा. क्लीनरनं उडी मारायची आणि मागच्या चाकाखाली ठोकळा सारायचा. मग पेटीवर ओली पोती टाकून ती निवेपर्यंत बसून राहायचं.

लॉरीवरचा क्लीनर लढाईवर भरती झाला आणि दुसरा काही मिळेना. तेव्हा कौशल्याबाईनं लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि ठोकळा मांडीवर घेऊन लॉरीत जाऊन बसली. सगळ्या चिखलीनं तोंडात बोटं घातली. बाईमाणूस आणि लॉरीवर! पण ती अशी चपळ, की गिअर सुटायचा खटका कानावर आला न आला तोच खाली असायची. शालिग्रामला मागं वळून बघायचीही गरज पडत नसे. लॉरी गचका खाऊन थांबायची आणि मागून आवाज यायचा, "बसला वो!"

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. साखरखेर्ड्याहून आई नवस बोलून बोलून थकली. नारायणराव आडून आडून दुसऱ्या बायकोचं काढायचा. शालिग्राम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आणि त्या साली आषाढात, मलकापूरच्या स्टेशनाबाहेर मिठाच्या गोण्यांवर बसून भाकर खाताना, कौशल्याबाई एकदम म्हणाली, "अवो, मले भाकर गोड नाई लागून राह्यली. दोन महिने झाले."

शालिग्रामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला घास हातात राहिला. मग पहिलं जे तोंडातून निघालं ते हे, "आता तू लॉरीवर बसाचं नाई."

"मंग ठोकळा कोन लावते? मामंजी?"

"मी पायतो कोनी."

"पायले ना इतके दिवस! कोन भेटला? अन् मी घरी बसली अन् तुमी घाटात मागं गेले तं कोन हाय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती घाटातली उडी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. ओल्या दगडांवर, पोटुशी बाई, पाठीशी मिठानं भरलेली लॉरी. त्या दिवशी घाट चढताना त्याचा जीव टांगणीला लागला होता. पेटी तापली, गिअर सुटला, तिनं उडी मारली, ठोकळा बसला. "बसला वो!" नेहमीसारखंच झालं सगळं. शालिग्राम मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. तिथंच त्यानं ठरवलं. पेटी तापली नाही तर गिअर सुटणार नाही. गिअर सुटला नाही तर हिला उतरावं लागणार नाही. बस्स, पेटी तापू द्यायची नाही.

बोलणं सोपं. पण हा माणूस एकदा हट्टाला पेटला की पेटला. चिखलीत इंद्रभान नावाचा तांबट होता, त्याचा जुना सोबती. हंडे-घागरी घडवायचा आणि दिवसभर तंबाखू मळत सगळ्या गावाची टिंगल करायचा. शालिग्रामनं त्याच्यापुढं मांडामांड केली. पेटीत गिअरची चाकं फिरतात तेव्हा तेल वर उसळतं. ते उसळलेलं तेल वरच्या वर झेलायचं, एका तांब्याच्या नळीतून लॉरीच्या नाकाडापुढं न्यायचं, तिथं नळीची वेटोळी वाऱ्यावर ठेवायची, आणि निवलेलं तेल पुन्हा पेटीत सोडायचं. मध्ये सीटखाली एक पितळी गडवा जोडायचा, झाकणाचा. तेल कमी झालं की त्यातून घालायचं.

"माय माय!" इंद्रभान म्हणाला. "हे तं दारूची भट्टी झाली बे!"

"मंग नळी पन भट्टीचीच पाय."

आणि खरंच, पोलिसांनी फोडलेल्या एका भट्टीची नळी कुठूनशी इंद्रभाननं पैदा केली. कुठून ते विचारू नये. पंधरवडाभर दोघं त्या लॉरीखाली पडून होते. डाग देऊन देऊन इंद्रभानचे डोळे लाल. नळीतून आधी तेल वाहीना, मग वाहिलं तर सांध्यातून गळायला लागलं, मग पुन्हा डाग. कौशल्याबाई वरून विचारायची, "काय करून राह्यले वो तुमी दोघं?" शालिग्राम खालून म्हणायचा, "तुले बसून रावासाठी करून राह्यलो."

श्रावणात पहिल्यांदा भरलेली लॉरी घेऊन ते घाटाला लागले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. जिथं दर खेपेला गिअर सुटायचा ती जागा आली, आणि चांद्या आपला घरघरत वर निघाला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं नाकाडाकडं गेलेल्या नळीला बोट लावलं. नळी कोमट होती, म्हणजे तेल वाहत होतं. अख्खा घाट न थांबता चढले. वर सपाटीला लागल्यावर कौशल्याबाईनं मांडीवरचा ठोकळा उचलून पायाशी ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "आता याले चुलीत घालतो," म्हणाली. शालिग्राम हसला, पण म्हणाला, राहू दे. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिनं दाखवलं. बाईंनी पोट बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, पोळा झाला की पुन्हा या.

आणि मग आला पोळा.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात हे का कुणाला सांगायला पाहिजे? वर्षभर जू ओढून ओढून बैलाचा खांदा सुजलेला असतो. त्याला लोणी कढवून हळद घालून चोळायचं, आणि मग हात जोडून आवतण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरोघरी तिन्हीसांजेला हेच चाललेलं. कौशल्याबाईच्या दारात बैल नव्हता. पण चांद्या होता ना! दर वर्षी ती त्याच्या नाकाडाला हळद-लोण्याचं बोट लावायची आणि आवतण द्यायची. त्या वर्षी तिला वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. ह्यानं तिला घाट चढवून दिला होता. तिच्या पोटातल्या जिवाला त्यानं सांभाळलं होतं. आणि एवढं जड ओढणाऱ्याचा खांदा कुठला? तर ती गिअरची पेटी. तीच तापते, तिलाच दुखतं. नवऱ्यानं त्या पेटीसाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

तिनं सीटखालचा गडवा उघडला. एरंडीचं तेल पीत होताच तो. जो तेल पितो त्याला लोणी का चालू नये? लोणी तर तेलाहून भारी! तिनं तांब्याभर कढवलेलं लोणी, त्यात मूठभर हळद ढवळून, हळूहळू गडव्यात ओतलं. झाकण लावलं, हात जोडले, म्हणाली, "चांद्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." शालिग्राम तेव्हा गावात पेट्रोलच्या कुपनासाठी हिंडत होता. तो घरी आला तेव्हा तिनं सांगितलं, "खांद शेकली चांद्याची." "बरं केलं," तो म्हणाला. दर वर्षीसारखं नाकाडाला बोट लावलं असेल, एवढंच त्याला वाटलं. अरे, एकदा विचारलं असतं! कशी शेकली, कुठं शेकली? पण घरातल्या बाईला असं कोण विचारतो?

रात्रीतून हवा गार झाली. लोणी गोठलं, आणि हळदीचा गाळ घेऊन नळीच्या वेटोळ्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी वेशीत पोळा भरला. तोरणाखाली बैल उभे, झडत्यांची गाणी झाली, मानाची जोडी सुटली, तोरण तुटलं. आणि मग पोरं ओरडायला लागली, "चांद्या! चांद्या!" कारण शालिग्रामचा एक नाद होता. दर पोळ्याला लॉरी वेशीत आणायची, मागून साखळीनं लिंबाच्या झाडाला बांधायची, चाकाखालच्या फरशीवर पाणी मारायचं, आणि जोर द्यायचा. लॉरी जागची हलायची नाही, मागची चाकं मात्र जागच्या जागी गरागरा फिरायची, धुराचा लोट उठायचा, बैल बुजायचे आणि गाव टाळ्या पिटायचं. ह्यासाठी घासून गोटा झालेले जुने टायर तो वर्षभर जपून ठेवायचा. बैल विकला म्हणून ज्या वेशीत त्याच्यावर हसले होते त्याच वेशीत त्याला टाळ्या मिळायच्या. तेवढाच एक दिवस त्याचा.

कौशल्याबाई बायकांत उभी होती. तिनं खूण करून त्याला जवळ बोलावलं. "औंदा नका नाचवू. उद्या घाटात जाचं हाय."

त्याचंही मन अर्धं मागं झालं होतं. तेवढ्यात वामनराव बोलले. वामनराव म्हणजे मानाच्या जोडीचे धनी, आवाज असा की वेशीबाहेर ऐकू जावा. "काऊन रे शालिग्राम, तुया बैल औंदा गाभन हाय का?" लोक खदखदून हसले. त्यांना कौशल्याबाईबद्दल माहीत होतं म्हणून हसले की नुसतेच हसले, कोण जाणे. शालिग्रामला ते वर्मी लागलं. तो जाऊन लॉरीत बसला.

त्या वर्षी चाक नाचलं तसं कधी नाचलं नव्हतं. गाव धुरानं भरून गेलं. मध्येच शालिग्रामच्या नाकात कढलेल्या लोण्याचा वास शिरला, खमंग, जरासा करपलेला. त्याला काहीच वाटलं नाही. पोळ्याचा दिवस, घराघरांत पुरणावर तूप पडत होतं, वास येणारच. साहेबाच्या मुलखातला कुणी ड्रायव्हर असता तर दचकून उतरला असता. आमचा शालिग्राम हसत हसत जोर देत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते मलकापूरला गेले. घाट उतरताना पेटीचा आवाज जरा वेगळा वाटला, खरखरल्यासारखा. एरंडी कमी झाली असेल म्हणून शालिग्रामनं स्टेशनावर गडव्याचं झाकण उघडलं आणि वरून थोडी ओतली. आत तेल दिसलं, वर तवंग होता. घाई होती, भरणारे हमाल खोळंबले होते. झाकण लावून टाकलं. मीठ भरलं, आणि दुपार कलताना ते घाटाच्या पायथ्याशी आले. आभाळ भरून आलं होतं आणि रस्त्यावर चिखल होता. कौशल्याबाई खुशीत होती. बुलढाण्यात डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, मग चिखली, मग घर. "पोट्टं हालते आता," ती सांगत होती. "काल वेशीत पन हाललं. धुरानं चिडलं असन."

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर पेटीची खरखर एकदम वाढली. त्यानं खिडकीतून हात घालून नळीला बोट लावलं. नळी गार होती. गारठण्ण! पायाखाली पेटीची उष्णता तळव्याला चटके देत होती आणि नळीत काहीच नव्हतं. तेल वाहतच नव्हतं. थांबावं म्हटलं तर जागा नाही, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. "चाल रे चाल रे चांद्या," तो दातओठ खाऊन म्हणत राहिला. "एक वळन राह्यलं, एवढं चाल."

धाडकन गिअर सुटला.

त्यानं पुन्हा घालायला दांडा दाबला, आत नुसते दात खरडल्याचा आवाज. ब्रेकवर उभा राहिला, लॉरी चिखलात मागं सरकायला लागली. आणि त्याला दिसलं, शेजारची जागा रिकामी. "उतरू नको!" तो ओरडला. "अवं, उतरू नको!" पण ती कधीच उतरली होती. इतकी वर्षं खटका ऐकू आला की उडी, तिच्या अंगात तेच मुरलं होतं.

लॉरी मागं गेली, एक गचका बसला, थांबल्यासारखी झाली, पुन्हा मागं गेली. मग दुसरा गचका, आणि थांबली. मागची चाकं दरीच्या काठापासून हातभर अंतरावर. शालिग्राम आवाजाची वाट बघत बसला. बसला वो. बसला वो म्हण, एवढंच म्हण. मागून काही ऐकू आलं नाही.

तो उतरून धावला. ठोकळा चाकाखाली रुतून बसला होता आणि कौशल्याबाई चिखलात गुडघ्यांवर वाकून पोट धरून बसली होती. पहिल्या वेळी चाकानं ठोकळा उडवला होता, तो सरळ तिच्या पोटात बसला होता. तोच ठोकळा उचलून तिनं दुसऱ्यांदा चाकाखाली घातला होता. "मले काई नाई झालं," ती म्हणाली, आणि लुगडं लाल होत गेलं.

खालून कारभारी नावाचा राजूरचा एक गाडीवान येत होता. त्याच्या बैलांच्या शिंगांवर अजून पोळ्याचा गेरू होता. दोघांनी तिला उचलून बैलगाडीत निजवलं आणि त्या बैलांनी तिला घाट चढवून बुलढाण्याला नेलं. शालिग्राम गाडीसोबत चालत होता आणि वाटभर एकच बोलत होता, "हाक रे बावा, हाक, तुया पाया पडतो." बैलांना त्यानं जन्मात इतक्या विनवण्या केल्या नव्हत्या.

लेकरू गेलं. मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं आणि पुढं असंही सांगितलं, की आता हिला दुसरं होणार नाही. शालिग्राम भिंतीला टेकून उभा होता, तसाच खाली बसला.

पण एवढ्यावर संपलं असतं तरी बरं म्हणायची वेळ आली. कौशल्याबाईनं अन्न सोडलं. रडली नाही, ओरडली नाही, नुसती छताकडं बघत पडून राहायची. पेज तोंडाशी नेली की ओठ घट्ट मिटायची. रक्त आधीच गेलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या पोटात काही गेलं नाही तर हिला आम्ही वाचवू शकत नाही. हिच्या मनात काय आहे ते विचारा." नारायणराव आला, साखरखेर्ड्याहून आई आली, सगळ्यांनी हात टेकले. कुणाशी ती बोलली नाही. फक्त एकदा आईच्या कानाशी लागून म्हणाली, "माये, म्याच केलं वाटते." आईला काही अर्थ लागला नाही. ती बाहेर येऊन जावयाला सांगून रडली.

शालिग्रामला अर्थ लागला नव्हता, तो इंद्रभान आला तेव्हा लागला. लॉरी ओढून आणायला त्याला धाडलं होतं. तो दवाखान्याच्या आवारात आला तो फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊनच. नळीचा तुकडा होता. दोन्ही टोकांपर्यंत पिवळा लगदा घट्ट भरलेला, वास लोण्याचा.

"हे कोनं टाकलं बे?" इंद्रभान म्हणाला. "गडवा पन भरला हाय. थेंबभर तेल गेलं नाई यातून. तुयं चाक नाचवनं गेलं खड्ड्यात, हे असं असलं तं चाक न नाचवता पन पेटी जळतेच. सगळं गाव तुले शिव्या देऊन राह्यलं, वामनराव तं वेशीत बसून सांगून राह्यले. दाखव त्यायले हे!"

शालिग्रामनं तुकडा हातात घेतला. नखानं लगदा उकरला. खांद शेकली चांद्याची. हे ती म्हणाली होती आणि तो बरं केलं म्हणाला होता. म्याच केलं वाटते, असं ती आत पडून म्हणत होती. तिला संशय होता. खात्री नव्हती, संशय होता, आणि त्या संशयानंच ती ओठ मिटून मरायला निघाली होती. शालिग्राम ढसाढसा रडला.

मग शालिग्राम उठला आणि तुकडा आवारातल्या विहिरीत टाकून दिला.

"पागल झाला का बे?"

"इंद्रभान, तुले माया गळ्याची आन हाय. नळी साफ होती. समजलं? नळी साफ होती."

इंद्रभाननं ती आण कौशल्याबाई जाईपर्यंत पाळली. एवढी गोष्ट त्याच्या नावावर लिहून ठेवा.

शालिग्राम आत गेला. नर्स पेजेची वाटी घेऊन खाटेशी बसली होती, नेहमीसारखीच हरलेली. कौशल्याबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"अवो, म्या गडव्यात लोनी टाकलं होतं. हळद घालून. त्यानं तं नाई झालं ना?"

"नाई," शालिग्राम म्हणाला. "लोन्यानं काई होत नाई. इंद्रभाननं नळी खोलली, म्या सोता पाह्यली. साफ होती."

"मंग कायनं झालं?"

"चाक नाचवल्यानं. तू नको म्हनत होती. दात तवाच तुटले पेटीचे. मले आवाज आला होता, समजलं होतं मले." हे शेवटचं तर निखालस खोटं. "तरी म्या तुले घेऊन घाटात आलो."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. इतके दिवस स्वतःवरच वळलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर येत गेलं, आणि शालिग्रामला कळत होतं की आता हे आयुष्यभर आपल्याकडंच तोंड करून राहणार आहे. त्यानं नजर काढून घेतली नाही.

"समजलं होतं?" ती म्हणाली.

"हाव."

"वामनराव हासले म्हनून? गावानं टाळ्या पिटाव्या म्हनून?"

"हाव."

"तुमीच खाल्लं मायं लेकरू."

"हाव. म्याच खाल्लं."

तिनं त्याला शिव्या दिल्या. कधी न दिलेल्या, ऐकवणार नाहीत अशा. आवाज फुटत होता तरी देत राहिली, दवाखान्यातली माणसं दारात गोळा झाली. मग दम लागला म्हणून थांबली, हाताचा आधार घेऊन उठून बसली, आणि नर्सच्या हातातली वाटी ओढून घेतली. पेज तिच्या हनुवटीवरून सांडत होती, ती पीत होती, आणि वाटीच्या काठावरून नवऱ्याकडं बघत होती.

वाटी रिकामी झाली. "अजून हाय का?" तिनं विचारलं. नर्सला विचारलं, शालिग्रामला नाही.